कोंबड्या सगळ्यांत शेवटी आणा: पाच कोंबड्या आणि चार वाफ्यांचा मेळ कसा घालावा

परसात कोंबड्याही हव्यात आणि भाजीही हवी असं ठरलं, की माणूस पहिल्यांदा कोंबड्या घेऊन येतो. मीही तेच केलं होतं. खुराडं अर्धवट, कुंपणाचा पत्ता नाही आणि रोपं जेमतेम दोन बोटं उंच. एका दुपारी त्यांनी दोन वाफे असे उकरले, की रोप कुठलं आणि तण कुठलं हे सांगता येईना. त्यांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. कोंबडी उकरणारच, तिला कुठे आणि कधी उकरू द्यायचं एवढंच आपण ठरवायचं. म्हणून इथे कामं उलट्या क्रमाने सांगतो. हिशेब पाच कोंबड्यांचा आणि चार वाफ्यांचा धरला आहे. वस्तीत राहत असाल तर कोंबड्या पाळायला परवानगी लागते का, किती पाळता येतात, हे आधी विचारून घ्या.

पाचोळा साठवा

ऐकायला विचित्र वाटेल, पण पहिलं काम हेच. एक कोंबडी दिवसाला साधारण 100 ते 120 ग्रॅम विष्ठा टाकते. पाच कोंबड्यांची वर्षाला 200 किलोच्या आसपास होते. त्यात पाणी बरंच असतं आणि नत्र भरपूर. ही विष्ठा नुसती पडून राहिली, तर त्या नत्राचा अमोनिया होतो, वास सुटतो आणि माश्या येतात. खत व्हायचं असेल तर तिच्या जोडीला कोरडं, कार्बनवालं काहीतरी लागतं: वाळलेला पाचोळा, भाताचं तूस, लाकडाचा भुसा, वाळलं गवत. पावसात भिजणार नाही अशा कोपऱ्यात मिळेल तितकं साठवा. एवढा कशाला, असं पहिल्यांदा वाटतं. पुढे तो हमखास कमी पडतो.

कुंपण आणि खुराडं

जागा उंचवट्यावर, विहिरीपासून लांब आणि वाफ्यांच्या जवळ निवडा. खुराडं, खताचा ढीग आणि वाफे एका ओळीत असले, तर टोपल्या वाहून कंबर मोडत नाही.

आत प्रत्येक कोंबडीला निदान 4 चौरस फूट आणि बाहेरच्या बंदिस्त अंगणात 10 चौरस फूट जागा धरा. दाटी झाली की कोंबड्या एकमेकींची पिसं उपटायला लागतात. रात्री बसायला लाकडी दांड्या लावा, एकीला 20 ते 25 सेंटिमीटर लांबी पुरते. दांडी अंड्याच्या खोक्यांपेक्षा उंच हवी. कोंबड्या सगळ्यांत उंच जागा पाहून झोपतात. खोकं उंच असलं तर त्यातच झोपतील आणि अंडी विष्ठेने माखतील. खोकी साधारण 30 सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच करा. पाचजणींना दोन पुरतात, आणि तरी त्या एकाच खोक्यासाठी भांडतात.

जाळीवर पैसे वाचवू नका. षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण दातवाल्या जनावराला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी घ्या आणि खालची कड 30 सेंटिमीटर जमिनीत पुरा, किंवा तेवढीच बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरून तिच्यावर दगड ठेवा. उकरून आत येणारं जनावर भिंतीला लागूनच उकरतं, त्यामुळे तिथेच अडतं. दाराला नुसता आकडा पुरत नाही, कडी हवी.

छताखाली चारी बाजूंनी हवा खेळती ठेवा. झोत मात्र दांडीवर बसलेल्या पक्ष्यांच्या अंगावर येता कामा नये. झाकपाक करून ‘उबदार’ केलेल्या खुराड्यात ओल साठते, आणि कोरड्या थंडीपेक्षा ती ओल जास्त त्रास देते.

वाफे

वाफा 120 सेंटिमीटरपेक्षा रुंद नको. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, म्हणजे माती तुडवली जात नाही. लांबी जागेप्रमाणे. प्रत्येक वाफ्याला उचलून हलवता येईल असं कुंपण करा. याचा उपयोग पुढे कळेल.

पिकं फिरवत राहा: खादाड पिकं, म्हणजे कोबी, वांगी, टोमॅटो, त्यांच्यामागे गाजर-मुळ्यासारखी कंदमुळं, त्यांच्यामागे शेंगवर्गीय, आणि चौथा वाफा रिकामा किंवा हिरवळीच्या खताचा. चौथ्या वाफ्याची जागा वाया जाते असं वाटू देऊ नका, कोंबड्या तिथेच सोडायच्या आहेत.

आता पक्षी आणा

पहिल्या खेपेला एक दिवसाची पिल्लं आणू नका. 16 ते 18 आठवड्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, घ्या. त्या महिना-दोन महिन्यांत अंड्यावर येतात, काही जातींना आणखी वेळ लागतो. पिल्लंच हवी असतील तर पहिल्या आठवड्यात त्यांना 35 अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी करत जायचं. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजतेय. भिंतीला चिकटून चोच उघडी टाकली असेल तर उकडतंय. सगळीकडे पसरून चरत असतील तर ठीक. पाण्याचं भांडं उथळ ठेवा आणि त्यात गोटे टाका, नाहीतर पिल्लं बुडतात.

अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. पिल्लं हवी असतील तरच ठेवा, आणि आठ-दहा कोंबड्यांमागे एक पुरतो.

दाणापाणी

अंड्यावर आलेली कोंबडी दिवसाला 110 ते 120 ग्रॅम दाणा खाते, म्हणजे पाचजणींना महिन्याला 17 किलोच्या आसपास. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात 16 ते 18 टक्के प्रथिनं आणि साधारण 4 टक्के कॅल्शियम असतं. हे खाद्य पिल्लांना घालू नका, तेवढ्या कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. पाणी एकीला पाव लिटर, कडक उन्हाळ्यात त्याच्या दुप्पटही. पाणी अर्धा दिवस संपलं तरी अंडी कमी होतात.

स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं खुशाल घाला, पण एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापर्यंतच. ‘माझ्या कोंबड्या नुसत्या उष्ट्यावर जगतात’ असं सांगणाऱ्याला अंडी किती मिळतात ते विचारा. बुरशी आलेलं, खारट, हिरवे पडलेले बटाटे, कच्ची कडधान्यं आणि अॅव्होकाडो घालू नका. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. ज्या कोंबडीला लागेल ती खाते. अंड्यांची टरफलंही चालतात, पण भाजून, बारीक कुटून. अख्खं टरफल दिसलं की अंडं फोडून खायची खोड लागू शकते, आणि ती सुटत नाही. मोकळ्या चरत नसतील तर वाळूचे बारीक खडेही द्या. कोंबडीला दात नसतात, दाणा पोटातल्या खड्यांनी भरडला जातो.

गादीपासून खतापर्यंत

साठवलेला पाचोळा आता कामाला येतो. खुराड्यात 10 ते 15 सेंटिमीटरची गादी पसरा. कोंबड्या ती दिवसभर उकरतात, म्हणजे ढवळायचं काम त्याच करतात. ओली जागा दिसली की तेवढीच काढा आणि वर कोरडं टाका. गादी बरी आहे का, हे उभ्याने कळत नाही. खाली बसा आणि नाक कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर आणा. डोळे चुरचुरले तर त्याही दिवसभर तेच हुंगताहेत.

काढलेली गादी थेट वाफ्यात घालू नका. ताज्या कोंबडखताने मुळं करपतात, आणि त्यात साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. ढिगात कार्बन आणि नत्राचं प्रमाण 25 ते 30 ला 1 असं हवं. नुसत्या विष्ठेत ते 10 च्या आसपास किंवा कमी असतं, पाचोळ्यात 40 ते 80. टोपल्यांच्या भाषेत, एक टोपली विष्ठेला दोन-तीन टोपल्या पाचोळा. ढीग लांबी-रुंदी-उंचीला निदान एकेक मीटर हवा, त्याहून लहान ढीग तापत नाही. ओल इतकी, की मूठ आवळली तर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. आत 55 अंशांच्या वर उष्णता चढली पाहिजे. पंधरवडाभर ती टिकवायची आणि तेवढ्यात पाच वेळा ढीग उलथायचा, म्हणजे बाहेरचा भाग आत जातो. मग दोन-तीन महिने निवांत मुरू द्या. मातीचा वास यायला लागला आणि आतलं पान ओळखू येईनासं झालं, की खत तयार.

ढीग तापला नाही तर घाबरू नका, पण ते खत कच्चंच समजा. कच्चं खत आणि कापणी यांत किती अंतर ठेवायचं याचा रूढ नियम असा: मातीला लागणाऱ्या भाजीला 120 दिवस, उंच लागणाऱ्या फळाला 90 दिवस.

आणि इथेच बहुतेकजण फसतात. कापणी झालेल्या वाफ्यात कोंबड्या सोडायच्या हे सगळे सांगतात, आणि ते बरोबरच आहे: त्या तणाचं बी, अळ्या, कोष वेचतात. पण त्या फिरल्या म्हणजे तिथे कच्चं खत पडलंच. तेव्हा त्यांना बाहेर काढल्याच्या दिवसापासून 120 दिवस मोजायला लागा. म्हणूनच चौथा वाफा. आठ-दहा दिवस कोंबड्या फिरवा, कुंपण हलवा, मग तिथे मका किंवा मांडवावर चढणारा वेल लावा. कच्च्या खायच्या पानांची पाळी नंतर. पीक नुसतं पानांनी माजलं आणि फूल धरेना, तर नत्र जास्त झालं आहे. पुढच्या हंगामात तिथे खत टाकू नका.

आजार

नवी कोंबडी थेट कळपात सोडू नका, दोन ते चार आठवडे वेगळी ठेवा. मानमोडी, देवी, मरेक यांच्या लशी असतात. कोणती कधी द्यायची ते पशुवैद्यकाला विचारा. पक्षी घेताना कोणत्या दिल्या आहेत हेही विचारा. पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसलं तर वाट बघत थांबू नका, लगेच पशुवैद्यकाला दाखवा. राख-वाळूचा खड्डा ठेवलात तर कोंबड्या त्यात लोळून उवा झाडतात. लाल गोचिडं मात्र दिवसा फटीत दडतात. रात्री विजेरी घेऊन दांडीच्या खालची बाजू बघा. दोन-चार कोंबड्या एकदम मेल्या तर त्यांना कापू नका, खाऊ नका, सरळ पशुवैद्यकीय खात्याला कळवा. हात धुणं आणि खुराड्यातली चप्पल घरात न आणणं हे रोजचंच.

अंडी

चांगल्या जातीची कोंबडी पहिल्या वर्षी आठवड्याला पाच-सहा अंडी देते. दिवस 14 तासांपेक्षा लहान झाला की अंडी कमी होतात, आणि पिसं गळायच्या काळात तर बहुधा दोन-तीन महिने बंदच. त्या काळात आजार समजून औषधं पाजू नका. खुडूक झालेली, म्हणजे अंडी उबवायच्या नादाला लागलेली, कोंबडी खोक्यात ठाण मांडून बसते. पिल्लं हवी असतील तर फळलेली अंडी तिच्याखाली ठेवा, 21 दिवसांनी फुटतात. नको असतील तर तिला काही दिवस तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात ठेवा.

अंडी दिवसातून दोनदा उचला. मळ कोरड्या फडक्याने पुसा, धुऊ नका. कवचावर जंतू रोखणारा नैसर्गिक लेप असतो, तो पाण्याने जातो.

दोन-तीन वर्षांनी अंडी उतरणीला लागतात आणि कोंबडी तर आठ वर्षंही जगते. म्हाताऱ्यांचं काय करायचं, हे पहिली तलंग आणायच्या आधीच घरात ठरवून ठेवा, कारण तोवर मुलांनी त्यांना नावं दिलेली असतात. माझ्याकडे दोन आहेत. अंडी जवळजवळ नाहीत, दाणा पूर्ण. चौथा वाफा मात्र त्यांच्याइतका बारीक कुणी उकरत नाही.