दसऱ्याला एकदा, पाडव्याला एकदा: गाडीचं ऑईल कधी बदलायचं

आजकालच्या बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं लिहिलेलं असतं. तेवढं सगळ्यांना पाठ असतं. त्याच पुस्तकात पुढे खडतर वापराचा वेगळा तक्ता असतो, तो कोणी वाचत नाही. धूळ, कडक ऊन, जवळजवळच्या चकरा, एसी लावून उभी ठेवलेली गाडी. म्हणजे आपलंच वर्णन. वणीकडे कोळशाची धूळ, पांदणीला काळ्या मातीची. म्हणून माझ्या गॅरेजात मी 5,000 किलोमीटर किंवा सहा महिने सांगतो. दसऱ्याला पूजेसाठी गाडी धुता तेव्हा एकदा, पाडव्याला एकदा.

यावर ठरलेला प्रश्न येतो, “मीटरवर तं दोनच हजार दिसून राह्यले भाऊ, आताच कायले बदलू?”

कारण ते दोन हजार घर ते वावर, वावर ते घर असे झालेत. तीन-चार किलोमीटरमध्ये ऑईल नीट तापतच नाही. थंड इंजिनात न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याचा अंश ऑईलमध्ये उतरतो. लांब पल्ल्याला तो उडून जातो, वावराच्या चकरांमध्ये साचत राहतो. दर आठवड्याला हायवेने नागपूर गाठणारा मॅन्युअलच्या आकड्यावर खुशाल चालू शकतो.

मधल्या काळात महिन्यातून एकदा ऑईल मोजायची काडी (डिपस्टिक) बघा. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं. काडी ओढा, फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून काढा. ऑईल दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेल गाडीत ते लवकरच काळं होतं. दुधाच्या चहासारखं दिसलं तर मात्र आत पाणी गेलंय, गाडी चालूच करू नका. बीएस-6 (धुराच्या नव्या नियमांतल्या) डिझेलवाल्यांनी वरची खूणही बघावी. सायलेन्सरमधला फिल्टर साफ होताना डिझेल ऑईलमध्ये उतरतं आणि पातळी चढते. “वा, ऑईल वाढलं” म्हणून खूश होण्यासारखं त्यात काही नाही.

आता ग्रेड, म्हणजे ऑईल किती जाड-पातळ ते सांगणारा नंबर. “आपल्याकडं 45 डिग्री ऊन, जाड टाका” म्हणत ट्रॅक्टरचं उरलेलं ऑईल नव्या पेट्रोल गाडीत ओतणारे आहेत. बाहेर कितीही तापो, इंजिनचं पाणी रेडिएटर-पंख्यामुळे 90 अंशांच्या आसपासच राहतं. पुस्तकात 0डब्ल्यू-20 लिहिलं असेल तर तेच टाका. डब्यावरचा नंबर वाचून घ्या, दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नका.

बदलताना इंजिन कोमट असावं, म्हणजे चेंबरमधून, इंजिनखालच्या ऑईलच्या टाकीतून, सगळं निथळतं. ऑईल फिल्टर दर वेळी नवा, ऑईल काढायच्या नटाचं वायसरही नवं. एअर फिल्टरही उघडून बघा, कापूस वेचणीच्या दिवसांत तो धुळीने लवकर भरतो. काम झाल्यावर गाडी चालू करून ऑईलचा लाल दिवा विझतो का ते पाहा, मग पुन्हा काडी.

जुनं ऑईल नाल्यात, विहिरीजवळ ओतू नका. दाराच्या लाकडाला, बंडीला हाताने फासायची सवय आहे आपल्याकडे, तीही सोडा, कातडीला ते वाईट. रिकाम्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्या.