भुताला लवकर बोलवू नका भो

आमचे नाना भुताची गोष्ट सांगायचे तेव्हा ऐन मोक्याला तंबाखूची पुडी काढायचे. म्हणजे "मागून आवाज आला, कोन शे रे?" इथपर्यंत आणायचे आणि मग चुना लाव, मळ, थाप मार, फुंकर मार, आम्ही सात-आठ पोरं ओट्यावर श्वास धरून आणि लाईट तर गेलेलीच. वाटायचं म्हातारं मुद्दाम छळतंय. स्वतः भुताच्या गोष्टी लिहायला लागलो तेव्हा कळलं की खरी भीती त्या मळण्यातच होती, पुढच्या भुतात नाही.

म्हणून आधी घाई सोडा. माझ्या पहिल्या कथेत मी पहिल्याच पॅराग्राफमध्ये अमावस्या, घुबड, पिंपळ, पांढरी साडी, पैंजण सगळं ओतलं होतं, मित्राने वाचली आणि म्हणे भो, हे भूत आहे का वरात?

त्यापेक्षा माणसाचं रोजचं काम दाखवा. एम. आर. जेम्स नावाचा इंग्रज भूतकथाकार होता, त्याने १९२४ साली हेच लिहून ठेवलंय, की पात्रं निवांत आपापल्या कामात असू द्या आणि मग ती वाईट गोष्ट हळूच डोकं काढेल. आपल्याकडे याला जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीबागेसारखी दुसरी जागा नाही. शेतीची लाईट रात्री बाराला येणार, माणूस एकटाच मोटर चालू करायला जाणार. स्टार्टरचं हिरवं बटण, मोटरची घरघर, ठिबकच्या नळ्यांतून हवा निघते ती फुसफुस, केळीच्या घडांवर चढवलेल्या पिशव्यांची, स्कर्टिंग बॅगांची सळसळ. पाच-सहा ओळी एवढंच लिहा, मोटरचा आवाज वाचकाच्या कानात इतका बसू द्या की तो ऐकू येणं बंद होईल. मग मोटर बंद पाडा. गड्याला वाटतं लाईट गेली, वळून बघतो तर शेडमधला बल्ब चालू. बस, अजून काही झालं नाही पण वाचक आता उठत नाही.

पुढे पायऱ्या चढायच्या. पहिल्या वेळी सरळ कारण द्या, स्टार्टर ट्रिप झाला असेल. दुसऱ्या वेळी मोटर आपोआप चालू झाली, तर ऑटो स्विचला शिवी, कारण जरा कच्चं पण चालतं. मग वैतागून तो फ्यूज काढून खिशात टाकतो, बागेत शिरतो, आणि मोटर परत सुरू. हात खिशात जातो, फ्यूज तिथेच आहेत. इथे "तो खूप घाबरला" असं लिहू नका हो, सगळं पाण्यात जातं.

दुसरी युक्ती मला जास्त आवडते, वाचकाला पात्रापेक्षा थोडं जास्त माहीत असू द्यायचं. सुरुवातीलाच जाता जाता सांगून टाका की सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी निघून गेलाय आणि मालकाला हे माहीतच नाही. मग ओळीच्या टोकाला बिडीचा लाल ठिपका दिसतो आणि मालक आनंदाने हाक मारतो, बरं झालं आलास. तो ठिपका जवळ येऊ द्या, पण सावकाश. वाक्यंही इथे आखूड करा.

भूत कोणतं घ्यायचं? माझं मत चकवा. त्याला तोंड नाही, कपडे नाहीत, माणूस चालत राहतो आणि परत त्याच जागी येतो. गंमत म्हणजे २००९ साली जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी जीपीएस लावून लोकांना चालवलं तर सूर्य-चंद्र दिसत नसताना ते खरंच गोल फिरून आपल्याच वाटेवर परत आले, आणि केळीच्या बागेत वर पानांचं छत, सगळ्या ओळी सारख्या, चंद्र कुठून दिसणार! डाकीण मात्र मी लिहीत नाही, त्या नावाखाली खऱ्या बायांना मारहाण होते, २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला तो उगाच नाही.

लिहून झालं की रात्री घरातल्या कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. जिथे त्याचा हात मोबाईलकडे जाईल तिथल्या चार ओळी कापा, आणि जिथे तो "मंग?" म्हणेल तिथे अजून दोन घाला, तंबाखू मळायच्या.