हत्तीपायासाठी रात्रीचा रक्तनमुना कसा घ्यावा

ब्रह्मपुरीकडच्या धानपट्ट्यात मी वीस वर्षं प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून रात्रीचं रक्त गोळा केलं. आता गावातल्या आशाताईंना शिकवते. बाहेरच्या पथकाला पाहून दारं लागतात, ताईच्या हाकेला उघडतात.

"दिवसा ये ना वो बाई, रात्री काऊन?" हे विचारतीलच. सांगा, हत्तीपायाच्या जंतांची पिल्लं दिवसा फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत दडतात आणि हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास चावायच्या वेळी, रात्री, बोटापर्यंत येतात. म्हणून साडेआठ ते बारा.

घरं यादीतलीच घ्या. मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, रात्री नाटकाला शे-दोनशे माणसं एकाच ठिकाणी जागी सापडतात, पण तिथे टोचू नका. म्हातारे, लेकुरवाळ्या घरीच असतात, मग तो आकडा गावाचा राहत नाही. नुसते सुजलेले पायही शोधू नका. अशा माणसाच्या रक्तात पिल्लं बरेचदा नसतात, रोवणीला जाणाऱ्या धडधाकट पोराच्या रक्तात असतात. शंभरांत किती जणांच्या रक्तात पिल्लं निघाली, तो निकाल 1 टक्क्याच्या रेषेशी ताडतात. 300 नमुन्यांत 3 इकडचे तिकडे झाले तरी गावाचं चित्र पालटतं.

आधी काचपट्टीवर नंबर घाला, मग टोचा. डाव्या हाताची अनामिका स्पिरिटने पुसून वाळू द्या. दरेकाला नवी सुई. पहिला थेंब पुसा, पुढचं 20 मायक्रोलिटर रक्त घेऊन जाडसर, लांबोळकं पसरा.

पट्ट्या रात्रभर आडव्या वाळवा, झाकणाच्या डब्यात. पहिल्या वर्षी मी त्या एका घरी धानाच्या ढोलीवर उघड्या ठेवल्या. सकाळी झुरळांनी अर्धं रक्त खाल्लेलं होतं. त्या माणसांना पुन्हा टोचताना फार वाईट वाटलं.

सकाळी पट्टी साध्या पाण्यात लाली जाईपर्यंत बुडवा, वाळवा, मग जेएसबी रंग, म्हणजे पिल्लं उठून दिसावीत म्हणून लावायचा रंग. सूक्ष्मदर्शकाखाली शेपटीचं टोक बघा: आपल्याकडच्या जातीत तिथे ठिपके नसतात, अंगावर खोळ असते.

पिल्लं सापडली तर निरोप तुम्हीच न्या, चावडीवर बोलू नका. डॉक्टरांनी लिहिलेल्या डीईसीच्या, म्हणजे हत्तीपायाच्या औषधाच्या, गोळ्या 12 दिवस, जेवणानंतर, डोळ्यांसमोर घ्यायला लावा. ताप, डोकेदुखी येऊ शकते, पिल्लं मरताना असं होतं. हे पहिल्या गोळीआधीच सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी गोळी चुलीत जाते.