पिन, स्पिन आणि इंग्रजीचं एमए

मी इंग्रजी साहित्यात एमएला प्रवेश घेतला तेव्हा आईला वाटलं, पोरगा आता फाडफाड इंग्रजी बोलणार. पहिलं अख्खं सेमिस्टर मी वर्गात ‘येस मॅडम’च्या पुढे गेलो नाही. नागपुरात यंदा प्रवेश घेणाऱ्यांना म्हणून आधीच सांगतो, हा स्पोकन इंग्लिशचा क्लास नाही. इथं वाचावं लागतं, तेही मूळ पुस्तक.

मी आधी ते टाळलं. बर्डीवरून गाइड आणलं आणि चॉसर या जुन्या इंग्रज कवीच्या ‘कँटरबरी टेल्स’चा सारांश घोकला. मॅडमनी विचारलं, हे काव्य एप्रिलमध्येच का सुरू होतं? गाइडात उत्तर नव्हतं, कवितेच्या पहिल्याच ओळींत होतं. तिकडे एप्रिलच्या सरी पडतात, पालवी फुटते आणि लोकांना यात्रेला निघावंसं वाटतं. आपल्याकडे एप्रिलात माणूस कूलरसमोरून हलत नाही!

चौदाव्या शतकातलं ते इंग्रजी नुसत्या डोळ्यांनी वाचलं तर अडतं. मोठ्यानं वाचा. ‘नाइट’ म्हणजे सरदार, त्याच्या स्पेलिंगमधला आज मुका असलेला ‘के’ तेव्हा उच्चारत असत. माझी आजी ज्ञानेश्वरी अशीच वाचायची, आधी आवाज, अर्थ सावकाश मागून. ज्ञानेश्वरी १२९० ची, म्हणजे चॉसरहून शंभरेक वर्षं जुनी. आजीला कुणी गाइड दिलं नव्हतं.

थिअरीचा, म्हणजे साहित्य-सिद्धांताचा पेपर सगळ्यांनाच जड जातो, घाबरू नका. नेटचं, म्हणजे प्राध्यापक व्हायच्या पात्रता परीक्षेचं, मात्र पहिल्या वर्षापासून डोक्यात असू द्या. दोन पेपर, दीडशे प्रश्न, तीनशे गुण, तीन तास. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न सोडायचा नाही. पण खुल्या प्रवर्गाला एमएत ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५०. माझा रूममेट ५३ वर अडकला. ‘इंटर्नलचं काय एवढं’ म्हणत त्यानं दोन असाइनमेंट दिल्याच नव्हत्या.

भाषाशास्त्राला लोक उगाच भितात. मराठी माध्यमवाल्यांना तिथं उलट फायदाच आहे. इंग्रज ‘पिन’ म्हणतो तेव्हा ‘प’सोबत श्वासाचा झोत सुटतो, ‘स्पिन’ म्हणताना सुटत नाही. त्याला स्वतःला हा फरक सहसा जाणवत नाही, कारण त्याच्या भाषेत त्यानं अर्थ बदलत नाही. आपल्याकडे ‘पळ’ आणि ‘फळ’ वेगळे, म्हणून आपले कान तयार असतात. फजिती होते ती ‘वेस्ट’ला: बनियन आणि पश्चिम दिशा आपण एकाच ‘व’मध्ये बसवतो.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा आईला हे करून दाखवलं. एसटीच्या तिकिटाचा कागद ओठांसमोर धरून साहेबासारखं ‘पिन’ म्हणालो. कागद हलला. आई करंज्या लाटत होती, वर न बघताच म्हणाली, “फिन काऊन म्हणतं रे?”