फारसीत ‘जाऊ शकलो असतो’ कसं म्हणायचं?

‘जाऊ शकलो’, ‘जाऊ शकत होतो’, ‘जाऊ शकलो असतो’. मराठीत ही तीन रूपं आपण न अडखळता वापरतो. फारसी मात्र दोनच रूपांवर भागवते, आणि आपली गाडी नेमकी तिथे अडते.

आधी ‘तवानेस्तन’, म्हणजे शकणे, हे क्रियापद घ्या. भूतकाळात ते असं चालतं: तवानेस्तम (मी), तवानेस्ती (तू), तवानेस्त (तो किंवा ती), तवानेस्तीम (आम्ही), तवानेस्तीद (तुम्ही), तवानेस्तंद (ते). लिंगभेद नाही, त्यामुळे शकलो-शकले ही कटकट वाचते.

मग मुख्य क्रियापद जोडा. ‘तवानेस्तम बेरवम’ म्हणजे जाऊ शकलो. आपण ‘शकणे’ शेवटी टाकतो, फारसीत ते आधी येतं. शिवाय ‘बेरवम’ला ‘मी’चा प्रत्यय पुन्हा लागतो. गोष्ट कालची असली तरी हे ‘बे-’चं रूप हलत नाही. ‘रफ्तम’ म्हणजे गेलो, पण ‘तवानेस्तम रफ्तम’ ही हमखास होणारी चूक.

आता खरी मेख. तेहरानच्या आझादी चौकाजवळच्या टर्मिनलवर तुमची रश्तची बस चुकली आहे असं समजा. तुम्ही म्हणाल:

‘दीर रसीदम, नतवानेस्तम सवार-ए ओतोबूस बेशवम.’ उशिरा पोचलो, बसमध्ये चढता आलं नाही. (हा ‘सवार’ म्हणजे आपला स्वारच.) एकदाच घडलं, संपलं, म्हणून नुसतं ‘तवानेस्तम’. आपल्या ‘जमलं’, ‘जमलं नाही’च्या हे जवळचं.

हुकलेली संधी सांगायची तर पुढे ‘मी-’ लावा:

‘अगर झूदतर मीरसीदम, मीतवानेस्तम सवार बेशवम.’ लवकर पोचलो असतो तर चढू शकलो असतो.

इथे दोन चकवे आहेत. हा ‘मी’ आपला ‘मी’ नव्हे. ‘मीतवानेस्ती’ म्हणजे तू. आणि मराठीत ‘अगर’ म्हणजे किंवा, फारसीत मात्र जर.

हेच ‘मीतवानेस्तम’ जुनी क्षमताही सांगतं: ‘दर कूदकी मीतवानेस्तम तोंद बेदवम’, लहानपणी मला जोरात पळता यायचं. मग अर्थ ओळखायचा कसा? सोबतचे शब्द बघा. ‘अगर’ असेल तर बहुधा संधी हुकलेली, ‘दर कूदकी’सारखं काही असेल तर तेव्हाची सवय किंवा ताकद. नकार करताना ‘मी-’आधी ‘ने-’ येतो: नेमीतवानेस्तम. ‘मी-’ नसेल तर ‘न-’.

‘जायला हवं होतं’ यासाठी ‘बायद मीरफ्तम’. ‘बायद रफ्ते बाशद’ म्हणजे मात्र ‘गेला असणार’, तो वेगळा मामला.

तेहरानच्या रस्त्यावर यातलं बरंचसं आखडून कानावर येतं. ‘मीतवानेस्तम बेरवम’चं तिथे ‘मीतूनेस्तम बेरम’ होतं. आणि रश्तला वाट बघणारा मित्र फोनवर एवढंच म्हणेल, ‘काश झूदतर मीरसीदी!’ लवकर पोचला असतास तर!