जुन्या रिव्हॉल्वरचे पार्ट ओरिजिनल आहेत का, हे कसं बघायचं

आमच्या खानदेशात अजूनही एखाद्या वाड्यातून आजोबांच्या नावावरचं वेबली किंवा एनफिल्ड, म्हणजे जुनं ब्रिटिश रिव्हॉल्वर, निघतं, आणि घरच्यांना कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं की पार्टांवर ठोकलेले नंबर जुळले म्हणजे सगळं ओरिजिनल. भाऊ, हे अर्धवट ज्ञान आहे, यानं माणसं फसतात.

लायसन्सवर नोंद आहे आणि गोळ्यांची सहाही घरं रिकामी आहेत हे धरून चालतो. अजून एक, बघायच्या आधी पॉलिश पेपर लावू नका, जे बघायचंय तेच निघून जातं.

आधी मॉडेल पक्कं करा. वेबलीच्या १८८७ च्या मार्क १ पासून मार्क ५ पर्यंत मूठ पक्ष्याच्या चोचीसारखी वळलेली, १९१५ च्या मार्क ६ ला चौकोनी. कोरलेलं नावगावही वाचा. खानदेशचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ साली झाले, म्हणून त्याआधीची भेट म्हणून दाखवलेल्या हत्यारावर 'ईस्ट खानदेश' असेल तर ती अक्षरं नंतरची.

मग फ्रेम (मधला सांगाडा), बॅरल (नळी), सिलिंडर (गोळ्यांची घरं असलेला फिरता भाग) यांवरचे नंबर मिळवा. नाही जुळले तर पार्ट बदललाय, विषय संपला.

जुळले तर खरं काम आता सुरू होतं. मी स्वतः इथेच चुकलो होतो. चोपड्याकडच्या एका ओळखीच्या माणसाला मी वेबली बघून सांगितलं, तिन्ही नंबर एक आहेत, बिनधास्त घ्या, आणि त्यानं पूर्ण किंमत मोजली. नंतर एकदा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तेच हातात आलं तर सिलिंडरवरच्या आकड्यांच्या कडा नखाला टोचत होत्या, फ्रेमवरचे मात्र हात लागून लागून गुळगुळीत झालेले, '४' या आकड्याची ठेवणही वेगळी. जुना नंबर घासून नवा ठोकलेला होता. त्याला ते सांगताना मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. नंबर खोडणं-बदलणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ८ खाली गुन्हा आहे, तेव्हा असं हत्यार विकत घेऊच नका.

म्हणून टॉर्च नेहमी बाजूनं, अगदी आडवा धरा. आकड्याभोवतीची जागा खोलगट लागली की तिथं घासलंय. मग झीज बघा, शेजारशेजारचे पार्ट सारखेच झिजलेले पाहिजेत. मुठीच्या पट्ट्या काढून आत बघा, तिथं हात पोचत नाही म्हणून मूळ रंग टिकतो. रंगाखाली गंजाचे खड्डे दिसले किंवा स्क्रूच्या भोकांच्या कडा गोल झाल्या असतील तर पुन्हा ब्लूइंग केलंय, म्हणजे लोखंडावर निळा-काळा रंग नव्यानं चढवलाय, कुणी कितीही शपथ घेऊ दे.

स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतील तर आत हात घातलाय, एवढं समजा.

एनफिल्ड नंबर २ या मॉडेलचा घोडा वरच्या बोंडाशिवाय (अंगठ्यानं मागं ओढायच्या टोकाशिवाय) दिसला तर लगेच खोटा म्हणू नका. १९३८ पासून सरकारी कारखान्यातच ते बोंड काढायला लागले होते, जुने पीसही तसे बदलले गेले. ते बोंड परत बसवून 'ओरिजिनल' करून देतो म्हणणाऱ्याकडे ते हत्यार अजिबात देऊ नका.