ओझरहून, म्हणजे नाशिकच्या विमानतळावरून, विमानानं जायचंय? मग आधी हे बघून घ्या

आपल्याकडे सवयच झालीये, कुठं लांब जायचं म्हटलं की मध्यरात्री टॅक्सी बोलवायची आणि मुंबई गाठायची. समृद्धी महामार्गामुळे कसारा घाटाचा त्रास कमी झालाय हे खरं, पण तरी माझं सांगणं आहे की तिकीट शोधताना पहिलं नाव नाशिकच टाका आणि मग मुंबईशी तुलना करा. नुसतं तिकीट तिकिटाशी नका ताडू, टॅक्सी, टोल, भिवंडीचं ट्रॅफिक आणि गेलेली झोप सगळं धरा.

वेळापत्रक दरवेळी नव्यानं बघायचं. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सीझन बदलतो, तेव्हा फ्लाइट्सच्या वेळा बदलतात, कधी एखादा रूटच बंद होतो. डिसेंबर २०१७ ला एअर डेक्कननं नाशिकहून मुंबई आणि पुणे सुरू केलं होतं ते टिकलं नाही, मग मार्च २०२३ पासून इंडिगो आली. सीटा भरल्या तरच रूट टिकतो, म्हणून जिथं थोडेच पैसे जास्त पडतात तिथं मी तरी ओझरच घेतो.

थेट फ्लाइट नसेल तर हैदराबाद, दिल्ली असं कनेक्टिंग बघा, पण दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर (बुकिंग नंबरवर) काढा. वेगवेगळी काढली आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसरं तिकीट गेलंच समजा, एकाच पीएनआरवर असेल तर पुढच्या विमानात बसवून देणं कंपनीच्या गळ्यात असतं. थंडीत सकाळी धुकं असतं तेव्हा हे फार कामाला येतं.

आता पोचायचं कसं. मॅपवर नुसतं ओझर टाकू नका, एक तर जुन्नरकडचं विघ्नहराचं ओझर येईल नाहीतर एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्स, विमानं बनवणारी सरकारी कंपनी) कॉलनीकडे जाल. धावपट्टी एचएएलची, १९६४ मध्ये तिथं मिग लढाऊ विमानं बनवायला कारखाना उभा राहिला, पण २०१४ चं प्रवासी टर्मिनल जानोरीच्या बाजूला आहे, म्हणून एअरपोर्ट टर्मिनल, जानोरी असं टाका. नाशिकच्या द्वारका चौकातून आडगाव, मग दहावा मैल आणि तिथून जानोरी रोड, वीस-बावीस किलोमीटर. महामार्गापर्यंत बस मिळेल पण पुढं बॅगा घेऊन हाल होतात, त्यामुळे घरचं कोणी सोडायला येत असेल तर उत्तम, नाहीतर जाता-येतानाची गाडी आदल्या दिवशीच ठरवा. परतीची तर नक्कीच.

इंडिगोचं काउंटर विमान सुटायच्या तासभर आधी बंद होतं, छोटं एअरपोर्ट आहे म्हणून कोणी थांबत नाही. बुकिंगमध्ये विमान कोणतं ते बघा, एटीआर लिहिलं असेल तर पंख्याचं छोटं विमान, मागच्या दारानं चढायचं, आणि वरचा कप्पा एवढा लहान की मोठी ट्रॉली बसत नाही, हातात मऊ बॅग घ्या, सात किलोच्या आत. पंख मात्र वर असतात त्यामुळे खिडकीतून खालची द्राक्षबागांची हिरवी चौकोनं मस्त दिसतात, आईवडिलांना खिडकीची सीट द्याच. धावपट्टीचे फोटो, व्हिडिओ नको, शेजारी एअर फोर्सचा डेपो आहे. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनला टाकायची नाही.